गुरुवारच्या जोडीला अजून एक सुट्टी द्यावी का?

लेथवाला · रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे भटकंतीचे धागे वाचतो आणि गुपचूप निघून जातो. आज स्वतःच्या अडचणीसाठी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं), वडिलांच्या काळातले दोन लेथ आणि माझ्यासकट एकोणीस माणसं. एकच पाळी, आठ ते साडेचार, मध्ये अर्धा तास जेवण. सहा दिवस काम, गुरुवारी सुट्टी. (पुण्याबाहेरच्यांसाठी: गुरुवार दत्ताचा म्हणून नव्हे. विजेचा भार वाटून घ्यायला वेगवेगळ्या औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार दिले होते, आमच्या वाट्याला गुरुवार आला. टंचाईचा काळ गेला, वार राहिला.)

मागच्या महिन्यात एका ऑपरेटर पोराने मोबाइलवर बातमी दाखवली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत काम घ्यायला मंजुरी दिली, तीच. म्हणाला, "शेठ, चार दिवस बारा-बारा तास करू, तीन दिवस गावाला." सगळे हसले, मीही हसलो. रात्री वहीत गणित मांडलं आणि डोक्यात किडा शिरला.

बारा तास व्हीएमसीसमोर मी स्वतः उभा राहिलोय, ते कुणालाही सांगणार नाही. पण पाच दिवस नऊ-नऊ तास केले तर ४५ होतात. आत्ता सहा दिवस आठ-आठ म्हणजे ४८. फरक आठवड्याला माणशी तीन तासांचा. त्यातही रोज सकाळी मशीन गरम करणं, ऑफसेट बघणं, पहिला पीस पास होणं यात पाऊण तास जातो, आणि संध्याकाळी झाडलोटीत पंधरा मिनिटं. एक दिवस कमी झाला की हा तासही एकदा वाचतो. म्हणजे खरा तोटा दोनच तासांचा. पगार कापायचा नाही हे आधीच ठरवलंय.

मग मी घाबरतोय कशाला? वडील म्हणतात, "एक दिवस दिलास की परत घेता येणार नाही." ते खरंय. कुणी असा प्रयोग केला असेल तर बरावाईट अनुभव सांगा.

टवाळ_मावळा · ९.१४

पहिला! आमच्या साहेबांना हा धागा निनावी पत्रातून पाठवत आहे.

धंदा_एके_धंदा · ९.५२

लेथवाले, मन मोठं आहे तुमचं, पण जरा थंड डोक्याने घ्या.

माझं चाकणला प्रेस शॉप आहे, पत्रा दाबून भाग काढायचं. मीही असंच पुस्तकी खूळ डोक्यात घेऊन दोन शनिवार दिले होते. दुसऱ्याच महिन्यात कळलं की माझी दोन पोरं शनिवारी शेजारच्या गाळ्यात रोजाने जातात आणि एक टेम्पोवर हमाली करतो. म्हणजे विश्रांती माझ्या खर्चाने आणि घाम दुसऱ्याच्या कामाला. रविवारी पाळी आली की ही पोरं पेंगणार. प्रेसवर पेंगणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सहा महिन्यांनी बंद केलं आणि त्यानंतर दोघांनी नोकरी सोडली. वडिलांचं ऐका.

आणि ते "दोनच तास" वहीत असतात. ग्राहकाचं शेड्यूल वहीत नसतं.

वैदेही_ज · १०.३०

@धंदा_एके_धंदा, ती पोरं रोजाने जात होती याचा एक अर्थ तुमच्याकडचा पगार पुरत नव्हता असाही निघतो का? खरंच विचारतेय, टोमणा नाही.

धंदा_एके_धंदा · १०.३३

टोमणाच आहे, पण घेतला. बाजारभावाने देतो मी.

गिरणगाव_जुनं · ११.२०

हा विषय निघाला आणि नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आलं नाही तर आमच्या म्हाताऱ्याचा आत्मा तळमळेल.

ज्या रविवारी आपण सगळे हा धागा कुटत बसलोय तो आभाळातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. लोखंडे ‘दीनबंधु’ चालवायचे, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगाला दिलं. मागण्या वाचल्या तर डोळ्यांत पाणी येतं, इतक्या साध्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, हाही मुद्दा लोखंड्यांनी मांडला होता असं सांगतात. इंग्रजाचा चर्चचा दिवस आणि जेजुरीचा वार असे जुळून आले.

त्या वेळीही मालक मंडळींचं म्हणणं "एक दिवस दिलात की" असंच असणार. लेथवाले, तुमच्या वडिलांना आदरपूर्वक सांगा.

माझे वडील तिसऱ्या पाळीला होते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा ते झोपायचे, म्हणून आम्ही भावंडं बाहेर चाळीच्या गॅलरीत. सुट्टीच्या दिवशी ते जागे असायचे एवढंच आम्हाला सुट्टीचं अप्रूप. दाढी करून, पायजमा घालून गॅलरीत उभे राहिलेले वडील, हे दृश्य आठवड्यातून एकदाच.

अर्धवट_पंडित · ११.४१

वाचनखूण साठवली. शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

नाममात्र · दुपारी १२.०५

मी सरकारी कर्मचारी. (दगड हळू मारा.)

राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला. लोकांना वाटतं आम्हाला फुकट शनिवार मिळाला. आधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी होतीच. नवीन हिशेबात वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ झाले, पण दिवसाचे तास सव्वासात वरून आठ झाले. गुणाकार करा: २०८८ तासांचे २११२ झाले. म्हणजे चोवीस तास आम्हीच जास्त दिले. पावणेदहा ते सव्वासहा.

अर्थात निर्णय अमलात आला आणि तीन आठवड्यांत टाळेबंदी लागली, त्यामुळे पाच दिवसांचा आठवडा कसा असतो हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

खरा फायदा सांगू? मी बदलापूरहून येतो. आठवड्यातून एक दिवस लोकलची ती दोन अधिक दोन तासांची फरपट वाचली. ऑफिसातले तास वाढले ते मोजलेही नाहीत.

काळी_माती · १२.४०

नाममात्र साहेब, तुमचं गणित बरोबर, पण ते तुमच्या खुर्चीतून केलेलं आहे. आमच्या बाजूने सांगतो. मी वाळव्याकडचा. रोजगारावर माणूस लावून, ऊस अर्धा ठेवून सातबाऱ्याच्या कामाला तालुक्याला जायचं तर पूर्वी शनिवारी जमायचं. पोराला शाळेतून अर्ध्या दिवसाने आणायचं, जाता जाता काम उरकायचं. आता शनिवारी कुलूप. आणि वाढवलेला पाऊण तास कुणाच्या उपयोगाचा? सव्वासहाला आमची शेवटची एसटी निघून गेलेली असते.

अवांतर: आमच्या आजोबांच्या काळापासून सोमवारी बैल औताला जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. पेरणीची कितीही घाई असो, आजोबा सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवू द्यायचे नाहीत. आता ट्रॅक्टर आहे, त्याला सोमवार नाही. गड्यालाही नाही.

टवाळ_मावळा · १२.४४

म्हणजे बैलाला आठवड्याची सुट्टी लोखंड्यांच्या आधीपासून होती? आम्ही चुकीच्या जन्माला आलो.

गोंयचो_पाव · १.१५

तुम्ही दिवस मोजत बसा. आमच्याकडे दुपारी एक ते चार दुकान बंद, माशांची कढी-भात, मग आडवे. हा प्रतिसाद देऊन मी पण आडवा होतोय.

पेठेतला · १.१७

हा शोध आमचा आहे. पण बोलतो चारनंतर.

लॅपटॉप_गळ्यात · २.५०

आयटीवाल्याने बोलावं की नको कळत नाही, कारण कागदावर आमचा आठवडा पाचच दिवसांचा आहे. कागद छान आहे.

वास्तव: सकाळी दहाला घरून सुरू, रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल. शुक्रवारी संध्याकाळी त्यांची सकाळ होते, आणि नेमकं तेव्हाच त्यांना "एक छोटीशी गोष्ट" आठवते. शनिवारी मुलीला पोहायला सोडून काठावरच्या बाकावर लॅपटॉप उघडतो. तिने पहिल्यांदा हात न धरता पोहून दाखवलं तेव्हा मी वर पाहिलं, पण उशिरा. तिने विचारलं, "बघितलंस ना?" मी हो म्हणालो.

त्यात वरून मोठी माणसं. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि "घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार" ते वक्तव्य बाहेर आलं. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत एकदा आणलं, २०२५ मध्ये पुन्हा आणलं. खासगी विधेयकांचं पुढे काय होतं ते आपण जाणतोच. ऑस्ट्रेलियात असा कायदा ऑगस्ट २०२४ पासून आहे.

बायको_बघते · ३.०५

त्या वक्तव्यावर माझी प्रतिक्रिया: तो माझ्याकडे बघत नाही, फ्रिजमध्ये बघतो.

स्वदेशी_शंकर · ३.२०

७० तास काम केल्याशिवाय देश पुढे जाणार नाही. जपान-जर्मनी असेच उभे राहिले. आजच्या पिढीला फक्त सुट्ट्या हव्यात.

लॅपटॉप_गळ्यात · ३.२४

काका, तुमचा हा प्रतिसाद रविवारी दुपारी तीन वाजता आलाय. सुट्टी लखलाभ.

स्वदेशी_शंकर · ३.३१

मी निवृत्त आहे. मला रोजच रविवार. चाळीस वर्षं घासली आहे म्हणून.

(यापुढचे सतरा प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचं काश्मीर करू नये, मूळ प्रश्न एकोणीस माणसांच्या वर्कशॉपचा आहे. – संपादक मंडळ)

वैदेही_ज · ५.१०

बायको_बघते यांचं हसण्यावारी नेऊ नका. दुसरी सुट्टी घरात येते तेव्हा ती कुणाच्या अंगावर येते?

माझ्या नवऱ्याला पाच दिवसांचा आठवडा झाला त्या वर्षी शनिवारचे डबे बंद झाले म्हणून मी खूश होते. महिनाभरात कळलं की डबा परवडला. डब्यात पोळी-भाजी जाते, सुट्टीला "काहीतरी वेगळं" लागतं. सकाळी पोहे, दुपारी साग्रसंगीत, चारला भजी, रात्री "हलकंच काहीतरी, थालीपीठ वगैरे". आणि मीही नोकरी करते, बरं का.

सरकारच्याच वेळ-वापर पाहणीत, २०२४ च्या, घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात आणि घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. पाच वर्षांपूर्वी २९९ आणि ९७ होती. म्हणजे दोघांचंही कमी झालं, प्रमाणात पाहिलं तर पुरुषांचं जरा जोरात.

आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगत होते की आता साहेबांना दोन दिवस सुट्टी. त्या ओट्यावर फडकं पिळत म्हणाल्या, "मंग माजं भांडं वाडलं की ताई." तेव्हापासून त्यांना रविवारी सुट्टी आहे आणि रविवारची भांडी साहेब घासतात. तक्रार आली नाही. कढईचं बूड मात्र सोमवारी मावशीच बघतात.

बायको_बघते · ५.१४

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). कढईच्या बुडासकट.

सिस्टर_एन · रात्री ११.४०

नाइटला आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते.

लेथवाले दादा, बारा तासांना नाही म्हणालात ते फार बरं केलंत. आमच्याकडे माणसं कमी पडली की डबल ड्यूटी लागते. पहिले आठ तास मी सिस्टर असते. दहाव्या तासाला मी इंजेक्शन भरते, लेबल वाचते, ट्रेमध्ये ठेवते आणि परत उचलून वाचते, कारण मघाशी वाचलं होतं की वाचल्यासारखं वाटलं ते आठवत नाही. तीनदा वाचते. अजून चूक झालेली नाही, पण ती तीन वेळा वाचण्याची भीती घरी घेऊन जाते.

आमच्यातल्या काही जणींना बारा तासांचीच ड्यूटी आवडते. जायचे-यायचे दिवस कमी, आठवड्याला तीन सुट्ट्या. पंचविशीत मलाही आवडायची. आता पाय सांगतात. तेव्हा विचारताना वयाप्रमाणे वेगळं विचारा. सगळ्यांना एकत्र विचारलंत तर तरुण पोरं मोठ्याने बोलतील आणि म्हातारे गप्प बसतील.

ओव्हर द्यायची (पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवायची) वेळ झाली, की परत येते.

मालमोकर · सोमवार, सकाळी १०.२५

सिस्टर, तुमच्यासारख्यांवरचाच एक प्रयोग स्वीडनमध्ये झाला. योतेबोरीला (आपण गोथेनबर्ग वाचतो ते) २०१५-१६ मध्ये वृद्धांच्या एका सरकारी निवासात शुश्रूषा करणाऱ्यांना सहा तासांचा दिवस दिला, पगार तोच. आजारपणाच्या रजा कमी झाल्या, आजी-आजोबांना फिरायला नेणं वाढलं. पण रिकाम्या तासांसाठी जादा माणसं घ्यावी लागली, खर्च वाढला आणि नगरपालिकेने तो चालू ठेवला नाही. पलंगावरच्या माणसाला आठ तासांची काळजी सहा तासांत "पटापट" देता येत नाही. ऑफिसातली मीटिंग मात्र देता येते. म्हणून तिकडचे आकडे इकडे चिकटवताना जपून.

आकडेमोड · ११.०५

मालमोकरांचा मुद्दा पुढे नेतो. "चार दिवसांचा आठवडा" या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक, तास तेवढेच, फक्त दाबून बसवलेले. बेल्जियमने २०२२ साली कामगारांना हे मागायचा हक्क दिला. आपल्याकडच्या बारा तासांच्या चर्चेतला "तीन दिवस सुट्टी"वालाही हाच. सुट्टी खरी, पण ती तुम्हीच आगाऊ भरलेली.

दोन, तासच कमी, पगार तोच. आइसलँडने २०१५ ते २०१९ मध्ये साधारण अडीच हजार लोकांवर केलं, ४० तासांवरून ३५-३६ वर. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ६१ कंपन्यांनी सहा महिने केलं आणि ५६ जणांनी संपल्यावरही चालू ठेवलं. मात्र त्या कंपन्या स्वतःहून उतरलेल्या होत्या, म्हणजे आधीच मनाने तयार. नापास होणारे परीक्षेला बसलेच नाहीत.

लेथवाल्यांचं गणित दुसऱ्या जातीचं आहे, फक्त तीन तासांचं. मला ते बरंच धाडसी आणि तरी झेपण्यासारखं वाटतं.

बँकेतला_बापू · १.३५

जेवणाच्या सुट्टीत लिहितो. (होय, तीच ती जेवणाची सुट्टी.) आम्हाला २०१५ पासून दुसरा-चौथा शनिवार आहे. सगळे शनिवार मिळावेत, बदल्यात रोज ४० मिनिटं जादा, यावर मार्च २०२४ मध्ये युनियन आणि बँकांचं एकमत झालंय. सरकारच्या होकाराची वाट बघतोय. तोवर ग्राहक दर शनिवारी विचारतात, "आज कितवा?"

दुबईकर_सध्या · ३.५०

इथे वारच बदलला. मी आलो तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी होती आणि रविवारी ऑफिस. आई रविवारी सकाळी निवांत फोन करायची आणि मी मीटिंगमध्ये कुजबुजायचो. तिला चौदा वर्षं वाटत होतं की मुलगा रविवारीसुद्धा राबतो, आणि माझी शुक्रवारची सुट्टी तिच्या हिशेबातच नव्हती. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी आठवडा साडेचार दिवसांचा झाला: शुक्रवारी दुपारपर्यंत काम, मग शनि-रवि. बऱ्याच खासगी कंपन्यांनी शनि-रवि घेतला. पगार तोच, तास जवळपास तेच, पण आईचा रविवार आणि माझा रविवार एक झाला.

इमारतींवर काम करणाऱ्या आपल्या माणसांना मात्र अजून आठवड्याला एकच दिवस. त्यांच्या बसेस आजही पहाटे निघतात.

लेथवाला · बुधवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. धंदा_एके_धंदा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

सिस्टरताईंचं ऐकून एकेकाला चहाला बाहेर नेऊन वेगवेगळं विचारलं. टपरीचं बिल बघून बायको म्हणाली हाच तुझा तोटा.

मी धरून चाललो होतो की दुसरी सुट्टी गुरुवारला लागून हवी असेल, बुध-गुरु किंवा गुरु-शुक्र. सलग दोन दिवस, गावाला जाता येईल. अविवाहित पाच पोरांनी तेच सांगितलं. बाकीच्या सगळ्यांनी सांगितलं: रविवार.

मी म्हटलं, अहो पण मध्ये तुटतं, सलग मिळत नाही. तर आमचा ग्राइंडरवाला म्हणाला, "शेठ, माझी पोरगी आता सहावीला आहे. ती शाळेत जायला लागल्यापासून आमची दोघांची सुट्टी एका दिवशी आलेलीच नाही. गुरुवारी मी घरी, ती शाळेत. रविवारी ती घरी, मी मशीनवर."

तीस वर्षं या पट्ट्यात वावरतोय. माझा मुलगाही शाळेतच होता, पण मी मालक, रविवारी उशिरा गेलो तर कोण विचारणार. हे डोक्यात आलंच नव्हतं.

गिरणगाव_जुनं · १०.०२

गॅलरीतले वडील.

धंदा_एके_धंदा · १०.४०

हे मात्र माझ्याही लक्षात आलं नव्हतं. माझा शनिवार चुकीचा होता म्हणायचा. तरी रविवारी माल कोण पाठवणार ते ठरवा आधी.

काळी_माती · १०.५५

खंडोबा पावला!

आशेवर_जगतो · अडीच महिन्यांनी

धागा वर काढतोय. लेथवाले, पुढे काय झालं? की तुमच्या वडिलांचं झालं?

लेथवाला · दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ७.१५

राहूनच गेलं. चालू करून नऊ आठवडे झाले.

आमचा आठवडा आता असा: शुक्र-शनि काम, रविवार सुट्टी, सोम-मंगळ-बुध काम, गुरुवार सुट्टी. आठ ते साडेपाच. रविवारी माल पाठवायला दोघे जण आळीपाळीने येतात आणि बदली सुट्टी घेतात. पाच पोरं नाराज होती, त्यांना महिन्यातून एकदा रविवारच्या बदल्यात शुक्रवार, म्हणजे गुरु-शुक्र जोडून गावाला जाता येतं.

माल थोडा कमी निघतो, खोटं कशाला सांगू. पहिले तीन आठवडे तर चांगलाच कमी, मी रात्री झोपत नव्हतो. मग एक गोष्ट दिसली जी माझ्या वहीत नव्हतीच. खाडे. आधी महिन्याला दहा-अकरा खाडे ठरलेले: कुणाचं बँकेचं काम, कुणाच्या पोराची शाळेत मीटिंग, कुणाची बायको माहेराहून आणायची. सीएनसीचा माणूस अचानक आला नाही की ते मशीन दिवसभर उभं. गेल्या महिन्यात तीन खाडे. ही शाळा-बँकेची कामं आता गुरुवारी होतात आणि घरचं रविवारी. त्यातून तूट बरीचशी भरून निघते. सगळी नाही. एका ग्राहकाची डिलिव्हरी दोनदा उशिरा गेली, शिव्या खाल्ल्या.

धंदा_एके_धंदा, तुमचंही खरं ठरलं. तिघे जण गुरुवारी दुसरीकडे जातात, एक खाऊचे डबे पोचवतो, दोघे रिक्षा चालवतात. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. रविवारी जातं का कुणी, तर नाही. वैदेहीताईंचा तो पगाराचा प्रश्न मात्र अजून माझ्या घशात आहे, मार्चनंतर बघतो.

आणि आमचे सेटर काका, वय अठ्ठावन्न. पहिले तीन रविवार रोजच्यासारखे आठ वाजता गेटवर हजर. वॉचमनच्या खुर्चीत बसायचे, पेपर वाचायचे, साडेनऊला वॉचमनला चहा पाजून निघून जायचे. म्हणाले, "घरी सकाळी माझ्या जागेवर सून भाजी निवडत बसते. उठ कसं म्हणू?" चौथ्या रविवारी आले नाहीत. सोमवारी विचारलं तर नातवाला घेऊन भोसरीच्या तळ्यावर गेले होते म्हणे. सुनेनेच पिटाळलं.

वडील काही बोलले नाहीत. परवा रविवारी स्वतःच किल्ली घेऊन निघाले होते, आईने थांबवलं.

आता खरी अडचण. आठवड्यातून दोनदा मशीन बंद राहिल्यामुळे टाकीतलं कूलंट (धातू कापताना थंड ठेवायला सोडतो ते पाणी) सडतं. सोमवारी सकाळी शटर वर केलं की अंडं फुटल्यासारखा वास. यावर कुणाकडे उपाय?

टवाळ_मावळा · ७.२२

काम-जीवन संतुलनाचा वास असाच असतो.

धंदा_एके_धंदा · ७.४८

वर तेलाचा तवंग धरतो म्हणून खाली हवा जात नाही आणि सडतं. बंद व्हायच्या आधी तवंग काढून टाका. आणि माशांच्या टाकीत बुडबुडे सोडणारा छोटा पंप मिळतो, तो सुट्टीभर टाकीत चालू ठेवा. आमच्याकडे चार वर्षं चालतोय, वीज काहीच खात नाही.

(आमच्याकडे पण रविवार सुरू करावा म्हणतोय, महिन्यातून दोन. अजून ठरलं नाही, कुणी नाचू नका.)

लेथवाला · पुढच्या सोमवारी, सकाळी ८.२०

पंप लावला, वास गेला. काकांचा नातू काल बघायला आला होता, विचारत होता मासे कुठेत.